हात पिशवीत असेल तर

माझी पहिली नोकरी मला वाटूरमुळे लागली. वाटूरच्या नावावर कुणाला नोकरी लागल्याचं त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. वाटूर म्हणजे लोकांच्या लेखी फाटा. तिथं गाडी बदलायची, भजी खायची आणि परतूरला नाहीतर मंठ्याला निघून जायचं. मी वाटूरची म्हटल्यावर कॉलेजातल्या मुली विचारायच्या, "म्हणजे तुम्ही तिथं राहताच?" जसं काही आम्ही गाडी चुकल्यामुळे पिढ्यानपिढ्या तिथं थांबलो होतो.

जालन्यातल्या एका कॉलेजच्या वाणिज्य विभागात संशोधन सहायक हवा होता. जालन्यात गिरण्या, सळईचे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या भरपूर, आणि त्यातल्या बऱ्याच घरच्याच. बाप, चुलता, लेक, पुतण्या मिळून चालवलेल्या. अशा ठिकाणी निर्णय कसे होतात, ह्याचा अभ्यास करायचा होता. काम प्रकल्प संपेपर्यंतचं, पगार बेताचा, आणि बाहेरच्या बाकावर एम.कॉम. झालेली आम्ही पोरं खच्चून भरलेलो.

आत एकच माणूस बसला होता. ठेंगणा, डोक्यावर मोजके केस, पांढरा शर्ट पँटच्या बाहेर, आणि खांद्याला एक कापडी पिशवी. खुर्चीत बसूनही ती त्यांनी खांद्यावरून काढलेली नव्हती. मला वाटलं, यांचाही इंटरव्ह्यू आहे की काय.

"वाटूरच्या का तुम्ही?" ते म्हणाले. "म्हणजे घनसावंगी तालुका."

आईनं निघताना बजावलं होतं, मोठ्या माणसाचं बोलणं खोडायचं नसतं, आणि नोकरी मागायला गेल्यावर तर मुळीच नाही. पण तालुका चुकीचा म्हणजे काय? वाटूरच्या भज्यांना कुणी नावं ठेवली असती तर मी गिळून घेतलं असतं.

"न्हाई सर, परतूर तालुका," मी म्हणाले.

"घनसावंगीच की. मी कैकदा गेलोय त्या बाजूला."

"न्हाई सर. रेशन, मतदान, जमिनीची कामं, सगळं आम्ही परतूरलाच करतो. घनसावंगी तिकडं गोदावरीच्या अंगाला राहिली."

त्यांचा हात पिशवीत होताच. तो बाहेर आला तेव्हा त्यात एक मोसंबी होती. ती त्यांनी माझ्यापुढे टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "कधीपासून येता?"

मागाहून कळलं की त्यांनी प्रत्येकालाच त्याच्या गावाबद्दल काहीतरी चुकीचं सांगितलं होतं. अंबडच्या एका मुलाला म्हणाले, तुमच्या अंबडचं रेल्वे स्टेशन फार सुंदर आहे. तो म्हणाला, हो सर, फार सुंदर आहे. अंबडला रेल्वे जात नाही. "पोरगं हुशार आहे," सर मला म्हणाले, "पण माझ्याशी सहमत आहे." त्या मुलाचं पुढं भलं झालं. आज तो एका मोठ्या बँकेत आहे आणि लवकरच त्याला बढती मिळणार आहे, असं ऐकते.

सरांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावायचं. "प्रश्न विचारला की माणूस उत्तर देतो. चुकीचं बोललं की माहिती देतो." त्यामुळे आमच्या प्रकल्पात प्रश्नावली नावाची गोष्टच नव्हती. दुसऱ्या विभागांतले सहायक छापील प्रश्नांचे गठ्ठे घेऊन फिरायचे. मी सरांच्या स्कूटरवर मागं बसून नुसती जायचे आणि ते धडधडीत खोटं बोलताना चेहरा सरळ ठेवायचा सराव करायचे. बी-बियाण्याच्या एका व्यापाऱ्याला ते म्हणाले, "तुमच्यात सगळे निर्णय धाकटे बंधू घेतात, असं ऐकलं." त्यावर थोरल्या बंधूंनी आम्हाला जेवायला ठेवून घेतलं आणि कुठला निर्णय कधी, कुणी, कुणाला न विचारता घेतला ते सगळं बैजवार सांगितलं. धाकटे बंधू मध्येमध्ये खोकत होते.

चूक पकडणाऱ्याला मोसंबी, हा नियम होता. सरांची बाग घनसावंगीकडं, धाकटा भाऊ बघायचा. हंगामात तिकडून जीपनं पोतं यायचं, हंगाम नसला की सर बाजारातून विकत आणायचे, पण पिशवी रिकामी कधी नसायची. विभागात भिंतीवरचं घड्याळ बंद होतं आणि कॅलेंडर मागच्या वर्षाचं. मी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि दोन मोसंब्या मिळवल्या. पण घड्याळ चालू केलं नाही आणि कॅलेंडरही काढलं नाही. "असू दे," सर म्हणाले. "प्राचार्य येतात, त्याच कॅलेंडरकडं बघून मला तारखा देतात आणि मंग भलत्याच दिवशी बैठकीला कुणी न्हाई म्हणून चिडतात. मोठं शिकण्यासारखं आहे."

सर जालन्यातच मस्तगडला, एका भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायचे. घरी ते आणि काकू. काकू उंच, खणखणीत आवाजाच्या आणि बोलायला कुणी मिळालं की खूश. त्यांचं लग्नही असंच जमलेलं. "बघायला आल्ते तवा माझ्या वडलांना म्हणले, मुलगी सातवी नापास ना? मी आतून वरडले, न्हाई! मॅट्रिक पास हाय म्हणून. झालं, तेवढ्यावर पसंत."

"मोसंबी दिली होती का?" मी विचारलं.

"तवा कुठली माय मोसंबी! बाग नंतरची. तवा पेरू दिल्ता. त्यो बी आमच्याच घरचा, ताटातला उचलून."

आता त्या सळईच्या कारखान्याचं सांगते, कारण आमचा प्रकल्प त्या दिवशी खरा प्रकल्प झाला. एमआयडीसीतली मिल. शेठ दिलदार, घसा मोठा, आणि माझी माणसं माझ्यासमोर मोकळं बोलतात ह्याचा त्यांना भारी अभिमान. सरांनी पहिल्या भेटीत त्यांना विचारलं होतं, "मिल तुमच्या सासऱ्यांनी सुरू केली ना?" शेठ खुर्चीतून उठलेच. सासऱ्यांनी एक सळईसुद्धा दिली नव्हती म्हणे. त्या रागात त्यांनी मिलचा आख्खा इतिहास सांगितला आणि शेवटी आमचे दोस्त झाले.

सर म्हणाले, "शेठ, माणसं मोकळं बोलतात म्हणता ना? मंग उद्या सकाळच्या मीटिंगमध्ये मुद्दाम एक चूक सांगा. कोण बोलतंय, बघू."

दुसऱ्या दिवशी आम्ही केबिनच्या कोपऱ्यात बसलो. शेठनी कामं वाटली आणि जाता जाता सांगितलं, "आणि ती नांदेडची सळई आज बीडला लावून द्या." वास्तविक माल नांदेडच्या पार्टीचा, भाव नांदेडचा, पावती नांदेडची. सगळे म्हणाले, "जी शेठ." शेठनी आमच्याकडं बघून डोळा मारला. त्यांना वाटलं, आता कुणीतरी मागे थांबून हळूच विचारील. कुणी थांबलं नाही. तेवढ्यात वीज मंडळाचा फोन आला, शेठचं त्यांच्याशी वाजलं, आणि त्या भांडणात ते प्रयोग विसरून गेले. सर विसरले नव्हते. ते खिडकीशी उभे राहून ट्रक भरताना बघत होते आणि कुणी शर्यत बघावी तसे चवड्यांवर उंच होत होते.

"सर, ट्रक निघाला," मी म्हणाले. "शेठना सांगू का?"

"थांब की. गेटवर कुणीतरी बोलंल."

गेटवर कुणी बोललं नाही. ट्रक अंबडच्याही पुढं गेला आणि मग ड्रायव्हरचा फोन आला. "शेठ, बीडला माल कुणाकडं खाली करायचा? पावतीवर तर नांदेड हाय."

शेठचा चेहरा मी अजून विसरले नाही. सगळ्यांना बोलावणं गेलं. सुपरवायझर म्हणाला, "शेठ, मला वाटलं तुम्ही काहीतरी इचार करूनच म्हणले असाल." डिस्पॅचवाला म्हणाला, "मला वाटलं सुपरवायझरनी इचारलं असंल." गेटवाला म्हणाला, "मी पावतीवर शिक्का बघतो, गाव न्हाई बघत." आणि ड्रायव्हर फोनवर म्हणाला, "मी म्हणलं, नांदेडवाले आता बीडला राह्यला गेले असतील."

"सर, हा डिझेलचा खर्चा कुणाच्या डोक्यावर?" शेठ कडाडले.

सर ऐकतच नव्हते. त्यांना हर्षवायू व्हायचा बाकी होता. "शेठ, तुमच्या मिलमध्ये एकच माणूस बोलला! आणि तो सुद्धा भाड्याच्या ट्रकचा!" ट्रक परत येईपर्यंत ते तिथंच बसून राहिले आणि ड्रायव्हर उतरल्यावर त्याच्या हातात मोसंबी ठेवली. त्याला काही उमगलं नाही. पण त्यानं ती पुसून खिशात टाकली.

निघताना सुपरवायझर आम्हाला पार्किंगपर्यंत सोडायला आला. इकडंतिकडं बघून म्हणाला, "सर, कळलं होतं हो मला. पण एकदा आसंच बोललो तर शेठ हप्ताभर माझ्यासंगं बोलले न्हाईत. मालकाचं चुकलं तर मालकाचं नुकसान होतं. मालकाला चुकलं म्हणलं तर माझं होतं."

स्कूटरवर सर मान मागं न वळवता म्हणाले, "पोरी, चूक सगळ्यांचीच होते. त्यात बघण्यासारखं काही न्हाई. चूक किती जगते ते बघायचं. जिथं साहेबाची चूक दुपारच्या डब्याआधी मरते, ते दुकान टिकतं." त्या दिवसापासून आमच्या प्रकल्पाचं नाव आमच्यापुरतं 'चुकीचं आयुष्य' असं पडलं. आणि माझ्या नेमणुकीतलं खरं काम त्यांनी मला त्याच रस्त्यावर सांगितलं. "माझी चूक दिसली की सांगायची. वाट बघायची न्हाई, इज्जत बघायची न्हाई. टायपिंग कुणीबी करतं."

शेठचा राग दोन दिवस टिकला आणि मग त्यांनीच हा किस्सा गावभर केला. सरांची कीर्ती पसरली. चहाच्या टपरीवर सर म्हणायचे, "आज सोमवार," आणि सोमवारच असायचा, तरी चारचौघे ओरडायचे, "न्हाई सर, मंगळवार!" कुणी सांगावं, मोसंबी मिळाली तर मिळाली. रिक्षावाले, प्राध्यापक, भाजीवाल्या, सगळ्यांना सर माहीत झाले. सर काही उलटंपालटं बोलले की लोक आधी हसायचे आणि मग पिशवीकडं बघायचे.

मी मात्र हाताकडं बघायला शिकले होते. मला मोसंबीचा सोस होता असं नाही. चेहरा सरळ ठेवायचा तर खोटं कधी येणार ते आधी कळायला हवं, म्हणून. सरांचं चुकीचं वाक्य अर्धं झालं की उजवा हात आपोआप पिशवीत जायचा. वाक्य पुरं होईपर्यंत मोसंबी मुठीत तयार. हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर आम्ही शेवटच्या फेरीसाठी पुन्हा त्या मिलमध्ये गेलो. चहा आला, गप्पा झाल्या, आणि सर म्हणाले, "शेठ, एक विचारायचं राहिलं. मिल तुमच्या सासऱ्यांनी सुरू केली ना?"

शेठ टाळी वाजवून हसले. "सर, हे जुनं झालं! आता नवीन काढा." सुपरवायझर हसला, चहा देणारा हसला. सरही हसले, पण सगळ्यांच्या नंतर. मी हाताकडं बघितलं. हात टेबलावर, कपाच्या बाजूला होता.

मनाला म्हटलं, असेल, एखादा दिवस असतो. पण मग ते होतच राहिलं. एकदा घरी जाताना त्यांनी स्कूटर मस्तगडऐवजी भलत्याच रस्त्याला घातली आणि मी सांगितल्यावर म्हणाले, "बघत होतो, सांगतेस का." एकदा विभागात मला म्हणाले, "तुझं गाव मंठा ना?" शिपाई खो खो हसला. "सर म्याडमची मजा करून राह्यले!" हात पेनावर होता.

लोकांची चूक नव्हती. माणसानं आयुष्यभर मुद्दाम चुकीचं बोलावं आणि मग एक दिवस खरंच चुकावं, तर बिचाऱ्यांनी ओळखायचं कसं? अख्खं जालना हसत होतं आणि त्या हसण्याच्या आड सरांच्या चुका आरामात जगत होत्या.

आणि थोड्याच दिवसांवर समितीपुढचं सादरीकरण आलं होतं. विद्यापीठातून माणसं येणार, सर बोलणार, त्यावरून प्रकल्पाला मुदतवाढ मिळणार की नाही ते ठरणार. माझी नोकरीही त्यावरच. पण खरं सांगते, मला नोकरीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची धास्ती होती. सर तिथं उभे राहतील, खरंखुरं चुकतील, आणि सगळे टाळ्या वाजवतील. मग त्यांना डॉक्टरकडं कोण नेणार?

मी काकूंकडं गेले. सर कटिंगला गेलेले. काकू मेथी निवडत होत्या.

"काकू, सर हल्ली..."

"अगं, त्यांचं चालूच आसतंय माय," काकू लगेच म्हणाल्या. फार लगेच म्हणाल्या. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की त्या काड्या भाजीत टाकत होत्या आणि पानं केरात.

"परवा मला म्हणले, तुझ्या आईला भेटून येऊ," त्या खाली बघूनच म्हणाल्या. "आईला जाऊन किती वरसं झाली. मी हसले. मी हसले म्हणून ते बी हसले. काय करू? लग्नाच्या आधीपासून त्यांची चूक काढत आले, एवढी एकच मला काढता यिना."

मी त्यांच्या हातातली जुडी घेतली. काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "तू सांग. तुला त्याच्याचसाठी ठिवलंय न्हवं?"

सांगायचं म्हणजे काय, ह्याचा मी दोन दिवस विचार केला. मला त्या सुपरवायझरची फार आठवण आली. हा माणूस चुका करण्यातच रमलेला. त्याला जर म्हटलं, तुमची ही चूक मुद्दाम केलेली नाही, तर तो पुन्हा कधी तोंड उघडेल का? आई म्हणायची तेच बरोबर होतं, मोठ्या माणसाचं खोडू नये, असंही वाटून गेलं. मग माझं मलाच हसू आलं. तेच बरोबर असतं तर मला ही नोकरीच लागली नसती.

विभागात दुसरं कुणी नव्हतं. सर त्या बंद घड्याळाखाली बसून सादरीकरणाचे कागद चाळत होते.

"सर, तुमची एक चूक सांगायचीय."

त्यांचा चेहरा खुलला. हात पिशवीत गेला. "सांग, सांग. कोणती?"

"ती तुम्ही मुद्दाम केलेली न्हाई, सर."

हात पिशवीतच थांबला. मी सगळं सांगितलं. सासरे, मंठा, मस्तगडचा रस्ता, काकूंची आई.

"ओळखलंस कसं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या हातावरून. मुद्दाम चुकता तेव्हा हात आधी पिशवीत जातो."

ते आपल्या हाताकडं बघत राहिले. मला वाटलं, आता रागावतील, नाहीतर रडतील. ते म्हणाले, "मला आजपर्यंत कुणी सांगितलं न्हाई हे." मग म्हणाले, "किती जगली?"

"दिवाळीपासून, सर."

"आणि सगळे काय करत होते?"

"हसत होते."

"हसत होते," ते म्हणाले. "म्हणजे त्या नांदेडच्या ट्रकसारखा मी कवाच गेटच्या बाहेर गेल्तो, आणि गेटवाला शिक्का बघून राह्यला." आणि ते खरोखर हसले. मला हसू येईना. मला रडूच आलं, चांगलं हुंदके देऊन, आणि सरांनी मोसंबी काढून माझ्यापुढं ठेवली. "घे. ड्रायव्हरच्या बरोबरीला बसलीस आज."

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. विसरण्याचा आजार आहे, हळूहळू वाढेल, गोळ्यांनी थोडा रोखता येईल, लवकर आलात हे बरं केलंत, असं ते म्हणाले. सरांनी त्यांना विचारलं, "म्हणजे दोन गोळ्या रात्री, तीन सकाळी?" डॉक्टर म्हणाले, "नाही, एकच रात्री." मी आणि काकूंनी एकदमच हाताकडं बघितलं. हात पिशवीत होता. डॉक्टरांना मोसंबी मिळाली.

सादरीकरण मी करावं असं सरांनीच ठरवलं. पण त्यांनी एक अट घातली. "मध्ये एक चूक घाल. समितीच्या तब्येतीची पण तपासणी होऊ दे." मी घातली. बोलता बोलता समितीला सांगितलं की मिलमालकानं नांदेडचा माल बीडला पाठवायला सांगितला आणि बीडला जाणारा ट्रक वाटूर फाट्यावरून गेला. समितीतल्या तिघांनी माना डोलावल्या. अध्यक्षांनी तर "अगदी, अगदी" असंही म्हटलं. माझं लक्ष पहिल्या रांगेकडं. सर खाली बघत बसले होते. एक वाक्य गेलं, दुसरं गेलं. चूक मेली नाही तर ती मलाच मारावी लागणार होती, आणि त्याहून वाईट म्हणजे ती सरांना दिसली नव्हती, असा अर्थ होणार होता.

मग पहिल्या रांगेतून हात वर झाला. "मॅडम," सर म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला मॅडम म्हटलं, "बीडचा ट्रक अंबडवरून जातो. वाटूरवरून नांदेडचा जातो. आपला ट्रक वाटूरवरून नांदेडला गेला असता तर आपल्याला हा प्रकल्पच मिळाला नसता."

अध्यक्ष जरा चपापले, आणि मग मोकळेपणी हसले. मुदतवाढ मिळाली. मी खाली उतरून सरांच्या हातात मोसंबी दिली. ती मी सकाळी बाजारातून घेतली होती, आणि चांगली महाग पडली होती.

आता सर निवृत्त होऊन गावी, बागेत राहतात. प्रकल्प मी चालवते आणि पीएच.डी.ला नावही घातलंय. विभागातलं घड्याळ अजून बंद आहे. सवड मिळाली की मी घनसावंगीपर्यंत एसटीनं आणि पुढं जीपनं दाटीवाटीत बसून जाते. काही दिवस सर चांगले असतात, काही दिवस माझ्याशी फार अदबीनं बोलतात. तसं झालं की समजायचं, ओळखलेलं नाही.

मागच्या खेपेला काकू फाटकातच भेटल्या. "पिशवी रोज मीच भरून ठिवते," त्या हळूच म्हणाल्या. "पण हात आत घालत्यात आणि कशाला घातला ते इसरत्यात. मंग तसाच ठिवत्यात आत. तू आता हातावर भरवसा ठिवू नको, माय."

सर झाडाखाली खाटेवर बसले होते. पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी. मी समोर बसले. ते माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले, अदबीनं.

"कुठल्या तुम्ही?"

"वाटूरची, सर."

"वाटूर," ते म्हणाले. "म्हणजे घनसावंगी तालुका."

हात पिशवीत होता. काकू माझ्या मागं उभ्या होत्या, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. पूर्वी मला एवढं पुरलं असतं. आता पुरेना.

"न्हाई सर," मी म्हणाले. "परतूर तालुका."

"घनसावंगीच की."

"न्हाई सर. रेशन, मतदान, सगळं परतूरला."

पिशवीतला हात थोडा हलला, थांबला, पुन्हा हलला. आणि बाहेर आला तेव्हा त्यात मोसंबी होती.

"बघितलंस का?" माझ्या खांद्यावरून ते काकूंना म्हणाले. "इंटरव्ह्यूलाबी हिनं हेच सांगितलं होतं."